तिच्या पाठीवरचा पाय

मी पायाकडून जन्मलो. सुईण घाबरून गेली होती आणि माय दोन दिवस शुद्धीवर नव्हती, असं सांगतात. गावाला मात्र आयता एक पायाळू मिळाला.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोक्याऐवजी पायाकडून बाहेर आलेल्या माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात. त्याच्या पायाला गुण असतो अशी समजूत. पाठीत उसण भरली, कंबर धरली, की माणूस पायाळूच्या दारात येऊन पालथा पडतो. पायाळूनं डावा पाय दुखऱ्या जागेवरून तीन वेळा फिरवायचा, हलकेच, भार न टाकता. रविवार आणि बुधवार हे त्याचे वार. पायाळूनं काही घ्यायचं नाही. आणि ज्याचं दुखतंय त्यानं उठताना 'उतरलं' म्हणायचं. नाही म्हटलं तर पायाचा गुण जातो.

ही शेवटची रीत नीट ध्यानात ठेवा. उतरलं नसलं तरी 'उतरलं' म्हणायचं. माझ्यासमोर पालथं पडलेलं कुणी, 'नाही बाबा, अजून तसंच आहे,' असं म्हणालेलं मला आठवत नाही. सात-आठ वर्षांचा असल्यापासून मी हे ऐकत आलो. मला खोटं ऐकायची सवय लागली आणि ते मला गोड लागायचं.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून पायी तासाभरावर. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. मी लहान असताना आमच्या बापानं दीक्षा घेतली आणि तो घरातले सगळे देव टोपल्यात घालून कयाधूच्या पाण्यात सोडून आला. त्यानंतर नवस बंद, कोंबडं बंद, अंगात येणं बंद. पण रविवारी दारात माणसं पालथी पडायची ती पडायचीच. बाप म्हणायचा, "देव नेऊन सोडले नदीत. आता ह्या पोट्ट्याचा पाय कुठं नेऊन सोडू?"

लोक हसायचे. मीही हसायचो. पण पाय सोडावासा मला कधी वाटला नाही, आणि त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. गावच्या पाटलाचा भाऊ यायचा. त्यांच्या ओसरीची पायरी मला चढता येत नव्हती, त्यांच्या आडाचं पाणी आम्हाला वरून ओतलेलं घ्यावं लागायचं. तोच माणूस आमच्या अंगणात शर्ट काढून पालथा पडायचा आणि त्याच्या गोऱ्या पाठीवरून माझा पाय फिरायचा. घरी जाऊन तो अंघोळ करतो हेही मला ठाऊक होतं. तरीही तेवढा वेळ तो खाली आणि मी वर असायचो. तेवढ्यासाठी मी तो पाय जपला.

शिकून मास्तर झालो, आमच्याच भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. बाया, बापे, म्हातारे सगळेच. दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खायची आणि दिवसभर हातोडा मारायचा. आठवडाभरानं एकाचीही पाठ धड राहिली नव्हती. रविवारी आमच्या अंगणात रांग लागायची. मी शाळेतल्यासारखा सगळ्यांना ओळीत बसवायचो आणि एकेकाला विचारायचो.

"कुठं?"

"हितं, पाठीच्या फऱ्याखाली."

"कसं दुखतंय? चमक मारती का ठणकतंय?"

"चमक न्हाई मास्तर. रग लागल्यावानी होऊन राह्यलं."

"खाली पायात उतरतं?"

दुखण्याचे एवढे शब्द आपल्या भाषेत आहेत हे मला त्या वर्षी कळलं. कळ येणं निराळं आणि सलणं निराळं. ठसठस निराळी, शिणक निराळी, हुळहुळ निराळी. माणसं सांगताना डोळे मिटायची, आत बघून शब्द शोधायची. योग्य शब्द सापडला की त्यांच्या तोंडावर थोडा आराम दिसायचा, अजून माझा पाय लागायचा असायचा तरी. माझ्या पायात काही नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मास्तरलाही शिकायचं नसलं की शिकता येत नाही.

दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मुलगी डोंगरकड्याकडची, सातवी शिकलेली. तिचे वडील वस्तीतल्या पोरांना रोज वाचायला बसवायचे. अंधश्रद्धेची त्यांना चीड होती, आणि ती लेकीतही उतरली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिनं अंगणातला तो प्रकार स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. माणसं गेल्यावर माझ्या पुढ्यात चहा ठेवत म्हणाली, "पाय दावा बरं."

मी दाखवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यात औषध कुठं भरलेलं असतं? टाचंत का अंगठ्यात?"

"लोकाला गुण येतो."

"लोकाला तर नागनाथाचा बी येतो. मग मामंजींनी देव काहून सोडले?"

आणि ती हसली. वाईट हसली नाही, नव्या नवरीनं नवऱ्याची मस्करी करावी तसं ते हसणं होतं. आत बसलेला बाप हे ऐकून मोठ्यानं म्हणाला, "सूनबाई, तूच विचार त्याला! मी थकलो." दोघे मिळून हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण ते हसू माझ्या मनात रुतून बसलं. साऱ्या गावात एकच जागा अशी होती जिथं मी वर असायचो, आणि माझ्याच बायकोनं दोन वाक्यांत ती खाली ओढली होती. मी तिला काहीच बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं कदाचित टळलं असतं.

दोन वर्षांनी तिचं दुखणं सुरू झालं. तेव्हा ते सुरू झालंय हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. आता मागे वळून जोडलं की सगळं दिसतं. संध्याकाळी तिचं अंग कोमट व्हायचं. जेवण कमी झालं. पोलक्याच्या बाह्या ढिल्या पडल्या. आणि तिनं वाकणं सोडलं. खाली पडलेली काडी उचलायची असली तरी ती कमरेत वाकत नसे. एक हात गुडघ्यावर ठेवून, पाठ काठीसारखी सरळ ठेवून, हळूच उकिडवी बसायची, वस्तू उचलायची आणि त्याच गुडघ्याचा आधार घेत उठायची. झाडतानासुद्धा बसून पुढं सरकत झाडायची.

माय म्हणायची, "आमच्या घरी राणी आली राणी. तिची कंबर सोन्याची हाय, वाकली तर मोडंल."

ती म्हणायची, "आत्याबाई, पाठीत दुखतंय हो."

"आमच्या पाठी काय लाकडाच्या हायेत? आमी धा-धा बाळंतपणं काढली."

मला ती दोन-तीनदा म्हणाली होती, "बाळापूरच्या डाक्टरकडं न्हेता का एकडाव?" मी म्हणालो, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्यावर म्हणालो, निकाल लागू दे. एकदा बामची बाटली आणून दिली आणि आपलं काम झालं असं समजलो. ज्या माणसाला रविवारी अंगणात बसून परक्याला दहा प्रश्न विचारता यायचे, त्यानं घरात एकही विचारला नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर ती माझ्या पायाला कधी तरी शरण येईल याची मी वाट बघत होतो. हे त्या वेळी मी स्वतःलाही कबूल केलं नसतं.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला औंढ्याकडचे पाहुणे आले. मुलगा तलाठ्याच्या हाताखाली कामाला होता, घर चांगलं होतं. मायनं पंधरा दिवस अंगण सारवलं होतं. मुलाचे वडील पाटावर बसले, सगळ्यांनी पाया पडून घेतलं, आणि शेवटी माझी बायको आली. ती त्यांच्यासमोर आली, गुडघ्यावर हात ठेवला, पाठ ताठ ठेवून उकिडवी बसली आणि बोटांची टोकं त्यांच्या पायांना लावली. मान खाली गेलीच नाही. उठताना तिनं त्यांच्या पाटाचा आधार घेतला.

म्हातारे गमतीनं म्हणाले, "मास्तर, तुमच्या मंडळीची कंबर लई ताठ हाय."

बाकीचे हसले. दुसरा एक जण म्हणाला, "मास्तरीण हाय बाबा, छडी गिळली असंल."

पुन्हा हसले. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि ती माझ्याकडं बघत होती. मी नजर फिरवली.

ते स्थळ जमलं नाही. मुलाच्या मामाची मुलगी आधीपासून ठरल्यात जमा होती, हे पुढं वर्षभरानं कळलं. पण तेव्हा आमच्या घरात कारण एकच होतं. माय तिच्यासमोरच म्हणाली, "हिच्या ताठ्यापायी माझ्या लेकीचं मोडलं." बहीण रडत होती. बाप तेव्हा आजारी असायचा, तो भिंतीकडं तोंड करून पडला. मी काही बोललो नाही. माझं न बोलणं म्हणजे माझं मत आहे, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

त्यानंतरचा रविवार. दुपारची वेळ होती. दोघे-तिघे येऊन पाय लावून 'उतरलं' म्हणून गेले होते. मी अंगणातलं पोतं झटकत होतो तेव्हा माय दारातून म्हणाली, "साऱ्या गावाला लावतो आन् घरच्या बाईला काहून न्हाई लावत? लाव म्हणावं एकदाचा. म्हंजी कळंल तरी दुखतंय का सोंग हाय."

ती आतून आली. गोधडी घेऊन आली होती. तिनं ती ओसरीवर पसरली आणि पालथी पडायला लागली. पालथं पडायला तिला किती वेळ लागला हे मी उभा राहून पाहिलं. आधी गुडघे, मग एक हात, मग दुसरा, मग कुशीवर, मग हळूहळू पोटावर. मी हात दिला नाही.

"लावा," ती गोधडीत तोंड घालून म्हणाली. "काही बी करा. पण हे थांबवा."

मी म्हणालो, "काहून? माझ्या पायात तर औषध न्हाई ना?"

हे वाक्य पंचवीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या कानामागं घाम आलेला दिसत होता.

मला राग आला होता, असं मी पुढं स्वतःला समजावत राहिलो. बहिणीचं स्थळ मोडलं, मायची बोलणी, म्हणून राग. पण तो राग नव्हता. रागाची लाज एवढी टिकत नाही. मला बरं वाटत होतं. ती हसली होती आणि आता ती माझ्या पायाखाली आली होती, एवढंच माझ्या मनात होतं.

मी डावा पाय उचलून ठेवला. कुठं दुखतंय हे विचारलं नाही. पाठीच्या मधोमध, दोन फऱ्यांच्या जरा खाली, तळव्याला काहीतरी लागलं. बोराएवढं, मणक्यावर वर आलेलं. शेकडो पाठींवरून माझा पाय फिरला होता. असं काही कधी लागलं नव्हतं. तिथं काहीतरी चुकीचं आहे हे माझ्या पायाला कळलं. मला पायाळूपणाचा गुण कधी मिळाला असेल तर तो त्या एका क्षणी, आणि मी तो ऐकला नाही.

तीन वेळा पाय फिरवला. पहिल्यांदा हलका. दुसऱ्यांदा भार दिला. तिसऱ्यांदा जमिनीवरचा उजवा पायही क्षणभर उचलला.

ती ओरडली नाही. गार पाण्यात एकदम उतरल्यावर माणूस श्वास आत ओढतो तसा एक आवाज झाला. मग ती म्हणाली, "उतरलं."

माय दारातून म्हणाली, "बघ! म्हणत न्हवते मी?"

आणि मी विश्वास ठेवला. ह्या शब्दाला किती अर्थ असतो हे ज्याला सगळ्या गावात सगळ्यात जास्त ठाऊक होतं, त्यानं विश्वास ठेवला. आत जाऊन चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी शाळेत सोबतच्या मास्तरांना सांगितलंसुद्धा, की आमच्या घरच्यांना गुण आला.

पुढचे दिवस ती दुखण्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलणार कशी? 'उतरलं' म्हणून बसली होती. बारा-पंधरा दिवसांनी पाणी आणताना तिचा पाय अडखळला, घागर फुटली. पायाला मुंग्या येतात म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेली आणि पाय कमरेखाली नसल्यासारखे लटकले.

आम्ही तिला बैलगाडीत घालून बाळापूरला नेलं आणि तिथून एसटीनं नांदेडला. एसटीत मागच्या लांब बाकावर तिला निजवलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट धरायची आणि खड्डा गेला की सोडायची. धरून ठेवत नव्हती. मला वाटत होतं, धरून ठेवावं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. काचेवर लावून आम्हाला दाखवला. एक मणका खचून पाचरीसारखा झाला होता. मणक्याचा क्षय आहे, म्हणाले. बरेच महिन्यांपासून असणार. संध्याकाळचा ताप होता का? होता. वजन उतरलं होतं? उतरलं होतं. वाकता येत नव्हतं? नव्हतं.

"मग इतके दिवस काय करत होता तुम्ही?" ते मला म्हणाले. "मास्तर आहात ना?"

मग तिच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "बाई, पडला होतात का कुठं? पाठ कुणी चोळली, तुडवली? खेड्यात असले उद्योग करतात. खरं सांगा."

मी तिच्याकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "कुणी काही केलं न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही, अशी.

एवढंच. एक मान हलवणं. त्या दुखण्यात माझ्या पायाचा वाटा किती हे मला आजही माहीत नाही. मणका आधीच पोखरलेला होता, तो आज ना उद्या खचलाच असता, असंही असेल. त्या दिवशीच्या भारानं खचला, असंही असेल. डॉक्टर सांगू शकले असते. पण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाही, आणि न विचारल्यामुळं मला पंचवीस वर्षं दोन्ही बाजूंनी हलता आलं. लाज फार झाली की मी म्हणायचो, रोगच तसा होता. जरा बरं वाटलं की तो तळवा आठवायचा.

पुढं छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर, महिनोन्महिने पाठीवर निजून राहणं, रोजची इंजेक्शनं. ती मी शिकलो, कंपाउंडर यायचा नाही त्या दिवशी मीच द्यायचो. तिचं सगळं मी केलं. आंघोळ, कपडे, वेणी. प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायच्या लांब सुईला कापूस गुंडाळून ती आत घालायची, तेही शिकलो. वर्षाच्या आत पायात जीव आला. भिंत धरून उभी राहिली त्या दिवशी माय रडली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला गेली. तिनं ठेवू दिलं नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली, मग मुलगा. पाठीला थोडा बाक राहिला आणि दुखणं राहिलं.

रविवारी लोक आले की मी सांगायचो, गुण गेला. लोक म्हणायचे, बायकोच्या दुखण्यात गेला बिचाऱ्याचा. हळहळायचे. आणि इथूनच माझी खरी तकलीफ सुरू झाली. गावात माझं नाव झालं. 'मास्तरनं बायकोचं केलं तसं कुणी करणार न्हाई.' विहारात कुणाच्या तरी लग्नात दोन शब्द बोलताना लोक माझं उदाहरण द्यायचे. मी खाली बघायचो. त्यांना तो नम्रपणा वाटायचा. नांदेडला खोटं तिनं सांगितलं होतं आणि त्या खोट्यावर माझा चांगुलपणा उभा होता. तिनं मला वाचवलं असं मी धरून चाललो होतो. तिच्या उपकाराखाली मी पंचवीस वर्षं वागलो. कधी तिच्यावर आवाज चढवला नाही, कधी तिच्या हातचं जेवण परत केलं नाही. तिला माझी ही चांगली वागणूक कधी कधी असह्य व्हायची, ते दिसायचं. "अहो, भांडा की जरा," ती म्हणायची. "घरात मेल्यावानी वाटतं."

दुखण्यासोबत कसं राहायचं हे ती तिचं ती शिकली. सकाळी उठल्यावर ती खाटेच्या कडेला थोडा वेळ बसून राहते. देवाचं नाव घेत नाही, काही नाही, नुसती बसते. आज काय होणार आणि काय होणार नाही हे ती तेव्हा ठरवते. आभाळ भरून आलं की तिला आमच्या आधी कळतं. पाहुण्यांसमोर ती कधी कण्हत नाही. लोकांना दुखणं दाखवायला गेलं की आधी स्वतःचा खरेपणा सिद्ध करावा लागतो, आणि त्याचा तिनं कंटाळा केला. एकदा तिनं तो सिद्ध करून पाहिला होता, आमच्याच ओसरीवर.

गेल्या हिवाळ्यात शेजारची म्हातारी तिच्या मुलाला घेऊन आमच्या दारात आली. मुलाच्या बायकोचे गुडघे धरले होते आणि तो लक्ष देत नव्हता. म्हातारी त्याला म्हणाली, "हे बघ. ह्या मास्तराच्या पायाचं तीर्थ घे, मूर्खा. माणूस असावा तर असा." मुलगा ओशाळून हसला आणि खरंच माझ्या पायांकडं वाकला. मी पाय मागं घेतले, इतके झटक्यात की खुर्ची कलंडली.

ते गेल्यावर ती ओसरीवर डाळ निवडत बसली होती. उजेड अजून होता. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. काही न गाळता सांगितलं. तळव्याला लागलेलं बोर, दुसऱ्यांदा दिलेला भार, तिसऱ्यांदा उचललेला पाय. आणि त्या वेळी मला बरं वाटत होतं, हेही. ती डाळ निवडत राहिली. मी नांदेडचं बोललो, म्हणालो, "तू माझ्यासाठी खोटं बोलली."

तिनं हात थांबवला.

"तुमच्यासाठी?" ती म्हणाली. "तुमच्यासाठी कवा बोलले मी?"

"मग?"

"मला लाज वाटली. सातवी शिकलेली मी, माझ्या बापानं साऱ्या वस्तीला शाणं केलं, आन् मी आपल्या पायानं जाऊन गोधडी आथरली. कुणी वढत न्हेलं न्हवतं मला. ते त्या डाक्टरला सांगू? माझ्या बापाला कळलं असतं तर?" तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "त्या लाजंत तुमी कुठंच न्हवते."

पंचवीस वर्षं ज्या उपकाराखाली वाकलो होतो तो उपकार नव्हताच. तिच्या लाजेत मला जागाही नव्हती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मी भार दिला ते?"

"पाठ माझी हाय का तुमची?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमीच असं एवढुसं तोंड करून फिरायचे की मला वाटायचं, ह्यांचंच दुखून राह्यलं. माझं दुखणं घेऊन तुमीच बसले. मग मी काय सांगू, कुणाला सांगू? जरा कण्हलं की तुमचं तोंड उतरायचं. मग मी उठायचे आन् तुमच्यासाठी चहा टाकायचे."

हे मला ठाऊक नव्हतं. माझा पश्चात्ताप तिला दुसऱ्यांदा गप्प करत होता, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "माफ कर."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "ते मागून तुमालाच बरं वाटंल. दुसरं काही तरी विचारा."

मग विचारलं, "आज कसं आहे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मी खरंच विचारतोय का हे बघायला. मग डाळीचं सूप बाजूला सरकवलं आणि सांगायला लागली. सकाळी उठताना कुठं धरतं, मग ते कसं डाव्या बरगडीकडं वळतं, दुपारी पाठ टेकली की कसं आत आग पडल्यासारखं होतं, कोणत्या कुशीवर किती वेळ झोप लागते, शिंक यायच्या आधी ती कशाचा आधार धरून बसते, मुलीला पहिल्यांदा उचललं तेव्हा काय झालं होतं आणि ते तिनं कसं कुणाला कळू दिलं नाही. ती सांगत होती, तपशीलवार, मुलीच्या जन्मापासून एकेक वर्ष पुढं येत. आणि थोड्या वेळानं मला वाटायला लागलं, आता पुरे. हेही लिहून ठेवतो, कारण चांगला माणूस म्हणून पुन्हा कुणी माझं नाव घेऊ नये. मला ऐकवत नव्हतं. पाय आखडले होते, घशाला कोरड पडली होती, आत जाऊन पाणी प्यावं असं वाटत होतं. तिचं अजून मुलाच्या जन्मापर्यंतही आलं नव्हतं.

मी उठलो नाही. ती सांगत राहिली.